सहा वर्षं काम, आणि पत्रात ‘मदतनीस’

ते पत्र मी फाडलेलं नाही. प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, याद्या ठेवते त्याच फायलीत आहे. लेटरहेडवर दोन ओळी: सदर व्यक्तीने आमच्या संस्थेत बॅकस्टेज मदतनीस म्हणून काम केले आहे, त्यांची वर्तणूक चांगली आहे. खाली सही, शिक्का. त्या नाट्यसंस्थेत मी सहा वर्षं होते. तीन नाटकं, ३१२ प्रयोग. त्या एका शब्दापायी माझा अमेरिकेचा दौरा जवळजवळ हुकला होता. रंगमंच व्यवस्थापनात येऊ पाहणाऱ्या कुणाला पुढे कधीतरी हीच अडचण येईल, म्हणून सगळं लिहिते आहे.

दौरा ठरला तो दुसऱ्याच नाटकाचा. चार पात्रं, नवीन निर्माता, इथे साठेक प्रयोग झालेले. तिकडच्या मराठी मंडळांनी मिळून नऊ प्रयोग घेतले. नटमंडळी आणि दिग्दर्शक पी-३ व्हिसावर जातात. आपली खास संस्कृती मांडणारा कार्यक्रम करणाऱ्या कलावंतांसाठी तो असतो. पडद्यामागच्यांसाठी त्याला जोडून पी-३ एस. याचा पहिला अर्ज आपण करायचा नसतो, तिथला यजमान आय-१२९ या फॉर्मवर करतो, आणि पडद्यामागच्यांसाठी तो वेगळा भरावा लागतो. नटांकडे परीक्षणांची कात्रणं होती, जाहिराती होत्या, पुरस्कारांचे फोटो होते. त्यांचं गाडं सरळ पुढे गेलं.

माझ्या बाबतीत सिद्ध करायचं होतं ते असं: हे काम तिथला कुणीही माणूस सहज उचलून करू शकणार नाही, ते मला येतं, आणि या नाटकाच्या मंडळींबरोबर मी ते आधी केलेलं आहे. यजमानांच्या वकीलबाईंनी न्यू जर्सीहून यादी पाठवली. त्यात तिसऱ्या क्रमांकावर होतं, आधीच्या संस्थेचं अनुभवपत्र, पदाच्या नावासह. मला वाटलं, हे तर सगळ्यात सोपं.

मी नक्की काय करते, हे इथे सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कॉलेजात असताना आयएनटीच्या एकांकिका स्पर्धेत माझं काम होतं ब्लॅकआउटमध्ये खुर्ची उचलायचं. तिथून पुढे व्यावसायिक नाटकात आले ती अशीच, सेट लावायला एक माणूस कमी पडला म्हणून. आज तालमीच्या पहिल्या दिवसापासून मी असते. तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर टेपने सेटचा नकाशा आखते, दार कुठे, पायरी कुठे. कोण कुठून येतं, कुठे बसतं, कुठल्या वाक्याला उठतं, ते संहितेत पेन्सिलने लिहिते. पेन्सिलनेच, कारण दिग्दर्शक बदलतात. प्रयोगाच्या दिवशी टेम्पो येतो तेव्हा मी दारात असते. प्रॉपर्टीच्या टेबलावर ब्राउन पेपर अंथरून प्रत्येक वस्तूची आकृती मार्करने काढलेली असते. कप उचलला की खाली कपाची रिकामी आकृती दिसते आणि काय विंगेत राहिलं ते एका नजरेत कळतं. तिसरी घंटा माझ्या सांगण्यावरून होते. पडदा उघडल्यावर प्रकाश आणि संगीत, दोघांना क्यू, म्हणजे नेमक्या क्षणाची खूण, मी देते. दिग्दर्शक शुभारंभानंतर दुसऱ्या नाटकाकडे वळतात. शंभराव्या प्रयोगाला नाटक पहिल्यासारखंच राहील, हे बघायचं काम माझं.

याला अमेरिकेत स्टेज मॅनेजर म्हणतात, आणि तिथे नट आणि स्टेज मॅनेजर एकाच युनियनमध्ये असतात, अॅक्टर्स इक्विटीमध्ये. १९१३ सालची संघटना आहे. वकीलबाईंनी हे सहज बोलता बोलता सांगितलं. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तोच विचार करत होते.

आता त्या जुन्या संस्थेचं ऑफिस. ४ मार्चला पहिल्यांदा गेले. तिथले व्यवस्थापक मला सहा वर्षं ओळखतात, मी त्यांना काका म्हणते. “अगं, पत्र काय, देतो की. सोमवारी ये.” सोमवारी साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, नव्हते. पुढच्या सोमवारी पत्र टाइप झालेलं होतं, ते हे वर सांगितलेलं. मी वाचलं आणि म्हटलं, “काका, मदतनीस नको. रंगमंच व्यवस्थापक लिहा.”

“व्यवस्थापक?” त्यांनी चष्मा काढला. “अगं, व्यवस्थापक मी. जाहिरातीत कुणाचं नाव येतं?”

काका वाईट वागत नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. आपल्याकडे व्यवस्थापक म्हणजे नाट्यगृहाच्या तारखा मिळवणारा, बुकिंग बघणारा, बस ठरवणारा, प्रयोगानंतर नाइटची, म्हणजे त्या प्रयोगाच्या पैशांची, पाकिटं वाटणारा माणूस. जाहिरातीत सूत्रधार म्हणून नाव येतं तेही बहुधा त्याचंच. विंगेत संहिता घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपल्या व्यवसायात ठरलेलं नावच नाही. कुणी बॅकस्टेज म्हणतं, कुणी रंगमंच व्यवस्था, कुणी नुसतं “अगं ए”. पण मला तेव्हा ही सगळी समजूत दाखवायची ताकद नव्हती. वकीलबाईंचा मेल माझ्या फोनमध्ये होता: मदतनीस हा शब्द असलेलं पत्र जोडण्यापेक्षा न जोडलेलं बरं, कारण मदतनीस कुठेही मिळतो, असंच वाचणारा अधिकारी म्हणेल.

मी म्हटलं, निदान पैशांच्या नोंदी बघू. अकाउंटंटने व्हाउचरचे गठ्ठे काढून दिले. माझ्या सह्या सगळ्या होत्या, प्रत्येक नाइटखाली. तपशिलाच्या रकान्यात लिहिलेलं होतं ‘बॅकस्टेज व किरकोळ’. त्याच व्हाउचरवर हमालांचा चहा होता. मी एकेक उलटत गेले. मिरज, नाशिक, पार्ल्याचं दीनानाथ, पुन्हा नाशिक. सगळीकडे किरकोळ. डोळ्यांत पाणी आलं ते तिथे, साहेबांसमोर नाही.

साहेब भेटले चौथ्या फेरीला. चहा दिला, अमेरिकेला जातेय म्हणून अभिनंदन केलं. मग म्हणाले, “तुला पद लिहून दिलं तर उद्या बाकीची पोरं पण मागतील. आज पद, उद्या पगार.” मी म्हटलं, “साहेब, पगार नको, जे केलं तेवढंच लिहा.” ते म्हणाले, बघू. पाचवी फेरी ३० मार्चची. पत्र तेच, फक्त तारीख नवी घातलेली. सव्वीस दिवस गेले होते आणि प्रयोग जुलैत होते. लोकलमध्ये उभी राहून मी निर्मात्याला फोन केला, की माझ्या जागी कुणी मिळत असेल तर बघा.

त्यांनी बघितलं नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी आमच्या प्रकाशयोजनाकारांना सांगितलं, आणि त्यांचा मला फोन आला. जुन्या संस्थेतही ते आमच्याबरोबर होते. त्यांनी एकच विचारलं, “तुझ्या वह्या कुठे आहेत?”

वह्या माळ्यावर होत्या. चार, दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. मी प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवते, कॉलेजातल्या एका सरांनी लावलेली सवय. तारीख, नाट्यगृह, पहिला अंक किती मिनिटं, दुसरा किती, काय चुकलं, काय तुटलं. एक नोंद जशीच्या तशी देते: “अंक २, पान ४३. फोनची रिंग ‘मी निघते’नंतर, आधी नाही. दोन पूर्ण, तिसरी अर्ध्यात उचलायची. आज संगीताने लवकर दिली, ताईंनी वाक्य गिळलं. क्यू आता ‘निघते’वर नाही, ताईंचा हात कडीवर गेला की.” अशी पानंच्या पानं. घाईत लिहिलेली, कुठे चहाचे डाग.

वकीलबाईंना मी वीस पानं स्कॅन करून पाठवली, कसलीही आशा न ठेवता. त्यांचं उत्तर त्याच रात्री आलं. म्हणाल्या, हेच हवं होतं, हे कुणी मदतनीस लिहीत नाही. मग बाकीचं उभं राहिलं. प्रकाशयोजनाकारांनी आणि त्या नोंदीतल्या ताईंनी, म्हणजे नाटकातल्या अभिनेत्रीने, स्वतःच्या लेटरहेडवर पत्रं दिली: मी काय करते, केव्हापासून करते, आणि ते ऐन वेळी दुसऱ्याला का जमणार नाही. ताईंनी त्या रिंगचा प्रसंगही लिहिला. सध्याच्या निर्मात्याने करारपत्र केलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं. त्यावर छापील अक्षरांत रंगमंच व्यवस्थापक असं होतं.

मराठी पानांना इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो. मी नोटरीकडे धावले, पैसे घातले, त्याची गरज नव्हती. अनुवाद करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात, हा अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे’ असं लिहून सही करायची, तेवढं पुरतं. माझ्या मावसबहिणीने केला. ‘झालर’ला काय म्हणायचं यावर आम्ही एक संध्याकाळ घालवली. तिथल्या कामगार संघटनेचं लेखी मतही अर्जासोबत लागतं. ते यजमानांनी मिळवलं, त्याला वेळ जातो हे धरून चाला.

पुढचं भराभर झालं. मंजुरी आली, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरला, आधी बोटांचे ठसे, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. मोबाइल आत नेता येत नाही, तो घरीच ठेवून जा. अधिकाऱ्याने विचारलं, नाटकात तुम्ही काय करता? मी सांगितलं, पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत सगळं वेळेवर होईल हे बघते. “म्हणजे क्यू तुम्ही देता,” तो म्हणाला. मी हो म्हटलं. मोजून चार मिनिटं. बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले. सहा वर्षं जिथे काम केलं तिथे जे पटवता आलं नव्हतं, ते या माणसाने एका वाक्यात ओळखलं होतं.

काही गोष्टी राहिल्या. प्रत्येक नाटकाची जाहिरात, निमंत्रणपत्रिका, शुभारंभाची पुस्तिका, ज्यात तुमचं नाव असेल ते सगळं ठेवा, नाव बारीक अक्षरात असलं तरी. नाव नसेल तर पहिल्या प्रयोगाआधी मागा; शंभराव्याला मागून कुणी देत नाही. अनुभवपत्र संस्था सोडताना घ्या, तीन वर्षांनी नको. संहितेची तुमची प्रत, क्यू लिहिलेली, संस्थेला दिलीत तरी तिची झेरॉक्स काढून ठेवा. शिकायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. मी तिथे शिकले नाही, पण तिथून आलेल्या मुलांकडे कागद नीट असतात, हे मी पाहिलं आहे. आणि क्यूची वही पेन्सिलने, पण प्रयोगाची नोंद पेनने लिहा. माझी पहिली वही पेन्सिलची, तिची निम्मी पानं स्कॅनरवर उमटलीच नाहीत.

न्यू जर्सीतला पहिला प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. विंग अरुंद, पण उजव्या हाताला स्टेज मॅनेजरसाठी छोटं टेबल होतं, त्यावर झाकलेला दिवा. संहिता उघडून ठेवली तेव्हा पान नीट उजळलं. एरवी मी टॉर्च दातात धरते.

आता इथे परत आल्यापासून एक करते. प्रयोगानंतर व्हाउचर समोर येतं तेव्हा तपशिलाचा रकाना बहुतेक वेळा कोरा असतो. सही करायच्या आधी मी त्यात स्वतःच्या अक्षरात ‘रंगमंच व्यवस्थापन’ लिहिते, मोबाइलवर फोटो काढते, आणि मगच पाकीट घेते. माझ्या हाताखालची दोन मुलंही आता लिहितात, एक ‘प्रॉपर्टी’ आणि दुसरा ‘सेट’. गेल्या महिन्यात ठाण्याला गडकरी रंगायतनमध्ये पाकिटं वाटणाऱ्याने विचारलं, हे कशाला? धाकट्याने पेन परत दिलं नाही, आधी रकाना पूर्ण केला.