भावाच्या गोळ्या
धाकट्या भावाला क्रोन्सचा, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह होण्याचा आजार आहे. भगंदरातून पू येऊ लागल्याने आज त्याला पोटविकारतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा त्यांनी आधी एमआरआय पाहून आत गळू नसल्याची खात्री केली आणि मगच सिप्रोफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स लिहून दिली. या गोळ्यांनी पू आणि ठणका कमी होऊ शकतो, पण मूळ दाह आटोक्यात ठेवणारे औषध वेगळेच असते, हे त्यांनी कागदावर आतड्याचे चित्र काढून समजावले. तळपायांना मुंग्या आल्या तर लगेच कळवा, असेही बजावले. मागे जुलाब वाढले तेव्हा आम्ही परस्पर दुकानातून अँटिबायोटिक आणले होते, याचे फार वाईट वाटले. अशाने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू आतड्यात माजू शकतो. रात्री तो म्हणाला, "दादा, या गोळ्यांनी वरणालाही लोखंडाची चव लागतेय." मी त्याच्या ताटात लिंबाची फोड ठेवली.