वॉरिकला जाताय? किल्ल्याच्या आधी चर्च बघा

इंग्लंडमधलं वॉरिक म्हटलं की सगळे किल्ल्यावर पळतात, आम्हीही तेच करणार होतो, पण आईला गर्दी नको होती म्हणून आधी सेंट मेरी चर्चमध्ये शिरलो आणि तिथेच अडीच तास गेले. बर्मिंगहॅमहून ट्रेनने अर्धा-पाऊण तास, स्टेशनवरून चालत जाता येतं. आमची चूक म्हणजे रविवारी सकाळी गेलो, प्रार्थना चालू होती, तासभर बाहेर बसलो. तुम्ही शनिवारी जा किंवा निदान वेबसाइट बघून जा, लग्नबिग्न असलं तरी आत सोडत नाहीत.

बघायचं काय तर चर्चमधलं बीचम चॅपल, म्हणजे एका सरदाराचं थडगं असलेलं छोटं प्रार्थनाघर. (स्पेलिंग बघून मी "बोशां" म्हणालो, तिथल्या आजोबांनी हसत सुधारलं.) रिचर्ड बीचम, वॉरिकचा अर्ल (म्हणजे मोठा सरदार), १३८२ चा जन्म. इंग्लंडच्या सहाव्या हेन्री राजाला लहानपणी यानेच शिकवलं, जोन ऑफ आर्कवर फ्रान्समधल्या रुआंमध्ये खटला चालला तेव्हा तिथला किल्ला याच्याच ताब्यात होता, आणि १४३९ ला मेलाही रुआंमध्येच. चॅपल मृत्युपत्रात सांगून ठेवलेलं, अर्पण व्हायला १४७५ उजाडलं.

मधोमध थडग्यावर सोन्याचा मुलामा दिलेला त्याचा उताणा पुतळा, वर बैलगाडीच्या टपासारख्या कमानी. आई म्हणाली, "अरे, याचे हात जोडलेले नाहीत!" खरंच, दोन्ही तळवे वेगळे, मधे फट, आणि डोळे छताकडे. तो जिकडे बघतोय तिकडे मान वर केली तर छतावर मेरी दिसते. हातावरच्या शिरासुद्धा दाखवल्यात. पूर्वी एकदा पुतळा पालथा करून बघितला तर पाठीकडचे पट्टे आणि बकलंही तितकीच बारकाईने केलेली निघाली, म्हणजे कुणाला कधी दिसणार नाही तिथेही कामचुकारपणा नाही!

थडग्याभोवती चौदा छोटे पुतळे आहेत, सगळे नातेवाईक. त्यातला एक जावई रिचर्ड नेव्हिल, पुढे "किंगमेकर" म्हणून गाजलेला. कोणता ते स्वयंसेवकांना विचारा, ते हौसेने सांगतात.

घरचा मामला मात्र भारी गुंतागुंतीचा. पहिल्या बायकोपासून तीन मुली, दुसऱ्या इझाबेलपासून हेन्री आणि अ‍ॅन. हेन्री विशीतच गेला, त्याची लहानगी मुलगीही गेली, मग सख्खी बहीण म्हणून बहुतेक सगळं अ‍ॅनला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, किंगमेकरला, आणि सावत्र बहिणी नाराज. आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या भांडणाची आठवण झाली. पुढे हा नवरा बार्नेटच्या लढाईत पडल्यावर तिच्या दोन जावयांनी (दोघेही राजाचे भाऊ) इस्टेट वाटून घेतली, त्यासाठी १४७४ ला कायदाच केला की अ‍ॅन मेली असं धरून चाला! बाई जिवंत होती, १४९२ पर्यंत.

इझाबेल इथे पुरलेली नाही, ती ट्यूक्सबरी गावातल्या जुन्या मठाच्या चर्चमध्ये, ट्यूक्सबरी अ‍ॅबीत. तिच्या पहिल्या नवऱ्याचं नावही रिचर्ड बीचमच, वूस्टरचा अर्ल. त्याच्यासाठी तिने तिथे बांधलेलं चॅपल अजून आहे. गाडी असेल तरच एका दिवसात दोन्ही जमेल, ट्रेनने जायचं तर अ‍ॅशचर्चला उतरून पुढे दोनेक मैल.

दुर्बीण असेल तर न्या, चॅपलच्या खिडक्यांच्या काचेत अगदी वर वाद्यं वाजवणारे देवदूत आहेत, खालून नुसत्या डोळ्यांना रंगाचे ठिपके दिसतात. आईने मोबाइलचा झूम वापरला, आणि दुसऱ्या दिवशी मान धरली.