पंधरा मिनिटांची अट

गेल्या वर्षी कार्तिकात आम्ही पांडवलेण्यांवर गेलो होतो. पायऱ्या चढताना मला फारसा त्रास झाला नाही. उतरताना मात्र निम्म्या वाटेवरच दोन्ही पोटऱ्या जड झाल्या, पावलांना मुंग्या आल्या आणि एका पायरीवर बसून घ्यावे लागले. पाच मिनिटांत पाय पूर्ववत झाले. घरातल्या सर्वांनी गुडघ्यांना दोष दिला आणि मीही तो मान्य केला. खरे कारण चार महिन्यांनी कळले. चढताना माणूस पुढे झुकतो, तेव्हा कण्याची नलिका किंचित मोकळी होते. उतरताना तो मागे रेलतो आणि तीच नलिका आवळली जाते. माझी नलिका कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या दरम्यान अरुंद झाली आहे. गादी फुगलेली, मागचे छोटे सांधे जाड झालेले आणि त्यांच्या लगतचा पिवळा अस्थिबंधही जाडावलेला, असा तिहेरी दाब तेथील नसांवर येतो. डॉक्टरांच्या भाषेत हा लंबर स्पायनल स्टेनोसिस.

मला मधुमेह असल्यामुळे पायांच्या रक्तवाहिन्यांचीही शंका होती. त्यासाठी डॉक्टरांनी पावलांवरची नाडी तपासली आणि एक साधा प्रश्न विचारला : चालताना पाय दुखू लागल्यावर नुसते उभे राहून थांबते, की बसावेच लागते? रक्तपुरवठा कमी असेल तर उभे राहूनही आराम पडतो. मला बसावे लागते, नाहीतर कठड्यावर ओणवे व्हावे लागते.

पहिल्या शल्यविशारदांनी एमआरआयची फिल्म प्रकाशात धरली, अहवालातल्या ‘तीव्र’ या शब्दावर बोट ठेवले आणि पुढच्याच आठवड्याची तारीख सुचवली. मी किती चालू शकते, हे त्यांनी विचारलेच नाही. मला त्याचा राग आला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता, असे आता वाटते. कारण फिल्मवर दिसणारा अरुंदपणा आणि माणसाला होणारा त्रास यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. नलिका बरीच आवळलेली असूनही बिनतक्रार फिरणारी माणसे असतात.

दुसऱ्या बाजूला जाऊबाई होत्या. पाठीला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो, हे त्यांचे ठाम मत, आणि आमच्या पिढीत ते पुष्कळांचे आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी ही भीती हसण्यावारी न नेता कागदावर चित्र काढून दाखवले. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नसांचा जुडगा असतो आणि माझे दुखणे त्या खालच्या भागात आहे. म्हणून धोका नाही असे नव्हे. नसांभोवतालचे आवरण फाटणे, जंतुसंसर्ग, भुलीचे दुष्परिणाम, हे सर्व त्यांनी सांगितले. शिवाय शस्त्रक्रियेचा लाभ मुख्यतः पायांना होतो, कंबरदुखी राहू शकते आणि जुना बधिरपणा पुरता जाईलच असे नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. लघवी अडकली, बैठकीच्या जागेची संवेदना गेली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर मात्र वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. यांपैकी काहीच नसल्याने विचार करायला मला वेळ होता, आणि खरी अडचण तीच होती. तातडीच्या दुखण्यात निर्णय दुसरेच घेतात.

या दुखण्यात चांगले दिवस फसवे असतात. दोन दिवस बरे गेले की ऑपरेशन कशाला, असे वाटते. तिसऱ्या दिवशी भाजी आणताना रस्त्यात थांबावे लागले की उद्याच करून टाकावे, असे वाटते. म्हणून मी आधीच अट घातली आणि ती वहीत लिहून ह्यांची सही घेतली. तीन महिने फिजिओथेरपी मनापासून करायची, आणि त्यानंतरही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर न बसता सलग पंधरा मिनिटे चालता आले नाही, तर शस्त्रक्रिया. सुरुवातीला सहा मिनिटे जमत होती. पोटाचे स्नायू बळकट करणारे आणि पुढे वाकण्याचे व्यायाम, घरातली स्थिर सायकल (तिच्यावर मी अर्धा तास आरामात बसते, कारण तिथे वाकणे आपोआपच होते), यांनी दुसऱ्या महिन्यात दहापर्यंत मजल गेली. मध्यंतरी कण्यात स्टिरॉइडचे इंजेक्शनही घेतले. तीन आठवडे सुखाचे गेले, पुढे पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस वहीत आठ मिनिटे आहेत.

माझी भाची डॉक्टर आहे. तिने 2015 चा एक अमेरिकी अभ्यास समजावून दिला : 169 रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रिया आणि काहींना फिजिओथेरपी नेमून दिली होती, दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच तिने पुढचे वाचले. व्यायामाच्या गटातील निम्म्याहून अधिक लोकांनी त्या दोन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली होती. मला त्यातून एवढेच उमगले की व्यायामाला संधी देणे शहाणपणाचे आहे, आणि तो पुरला नाही तर आपण हरलो, असे मानण्याचे कारण नाही.

स्क्रूंचा प्रश्न उरला होता. पहिल्या डॉक्टरांच्या योजनेत दाब काढण्याबरोबर मणके स्क्रूंनी जोडणेही होते. दुसऱ्यांनी पुढे-मागे वाकवून क्ष-किरण काढले. मणका सरकत नव्हता, तेव्हा जोडण्याचे कारण त्यांना दिसले नाही. स्वीडनमध्ये 247 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही दाब काढण्याला जोडणीची भर घातल्याने दोन वर्षांनंतर अधिक फायदा दिसला नव्हता. माझ्यासाठी हा मुद्दा निर्णायक ठरला. केवळ दाब काढण्याची शस्त्रक्रिया मी करून घेणार आहे.

तारीख अजून ठरलेली नाही, कारण तीन महिन्यांची साखर अपेक्षेपेक्षा जास्त निघाली आणि ती खाली आल्याशिवाय भूलतज्ज्ञ पुढे जायला तयार नाहीत. तोवर सकाळची सायकल चालू आहे आणि चहा बिनसाखरेचा झाला आहे. जाऊबाईंना अजून सांगितलेले नाही.