आडतीच्या जुन्या चोपड्या स्कॅन करताना

कापसाच्या आडत (दलाली) दुकानांतल्या जुन्या चोपड्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, स्कॅन करायच्या तर काम दिवाळीनंतर काढावं. मे महिन्यात जळगावकडे पारा ४४ च्या वर जातो. कागद इतका कडक होतो की उलटतानाच घडीवर मोडतो. पावसाळ्यात पानं चिकटतात. आधी मऊ ब्रशनं शिवणीकडून बाहेर धूळ झाडायची. कागद ओढून घेणारा स्कॅनर इथे नकोच. कॅमेरा वरून सरळ खाली, दोन्हीकडून ४५ अंशांत दिवे आणि पानाखाली काळा कागद, म्हणजे मागची शाई डोकावत नाही.

या चोपड्यांत रेघा नसतात. कागदाला सळ, म्हणजे घड्या, पाडून रकाने केलेले असतात, जमा कुठली आणि नावे कुठलं ते सळावरूनच कळतं. ब्लॅक-अँड-व्हाइट मोडमध्ये सळाची पुसट सावली उडते आणि रक्कम कोणत्या रकान्यातली हेच समजत नाही. म्हणून स्कॅन रंगीत, ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), टिफ फाइलमध्ये. ए४ एवढं पान साधारण ४६ एमबी भरतं; २०० पानांना ९ जीबीच्या वर. जड वाटलं तर एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावा, त्यात तपशील न गमावता फाइल लहान होते, पण मूळ प्रत जेपेगमध्ये ठेवू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सालाचा. दिवाळीला वहीपूजन करून सुरू केलेल्या चोपडीवर बहुधा विक्रम संवत असतो. इसवी सन काढायला दिवाळी ते डिसेंबर त्यातून ५७ वजा करायचे, जानेवारीपासून ५६. संवत १९६३ ची चोपडी म्हणून १९०६-०७ ची; फाइलच्या नावात दोन्ही सालं हवीत. मूळ संवत आणि मिती (पंचांगातली तारीख) मात्र यादीत वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी.

जिल्ह्याचंही तेच. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे पूर्वचा जळगाव, पश्चिमचा धुळे झाला आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. शहाद्याच्या चोपडीवर ‘पश्चिम खानदेश’ असेल तर तेही टिपा, आजचा नंदुरबारही. एकच लिहिलंत तर दुसऱ्या नावानं शोधणाऱ्याला ती सापडणारच नाही.

मोडी लिपीतल्या पानांवर ओसीआरची, म्हणजे संगणकानं अक्षरं ओळखण्याची, आशा धरू नका. टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचतं, हातची मोडी नाही. पानागणिक खातेदार आणि मिती टाइप केलेली साधी एक्सेल शीट जास्त कामाची. मात्र त्यात लोकांची देणी-घेणी असतात. ऑनलाइन टाकण्याआधी घरच्यांना विचारा.

चोपडी परत बांधताना रबर लावू नका, उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतं. सुती बासन (गुंडाळायचं फडकं) आणि नाडी पुरे.