सिंगापूरला जायच्या आधी पोरांना दाराच्या चौकटीला उभं करा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर वाढदिवसाला पोरांची उंची मोजायची आणि बाजूला तारीख टाकायची अशी पद्धत. २०२४ च्या मार्चमध्ये कुणाचाच वाढदिवस नव्हता तरी मी दोघांना तिथे उभं केलं, कारण आदल्या रात्री इथल्याच एका ट्रॅव्हल एजंटने व्हॉट्सअॅपवर सिंगापूरचं कोटेशन पाठवलं होतं आणि ते वाचून मला झोप लागली नव्हती. पाच जण, पाच रात्री, ३ लाख ८५ हजार. खाली बारीक अक्षरात ५ टक्के जीएसटी आणि ५ टक्के टीसीएस (आयकरापोटी आधीच कापून घेतात ती रक्कम) वेगळा. आणि त्यात युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कचं तिकीट "एक्सप्रेस पाससहित", म्हणजे रांगेत उभं राहायचं नाही, जादा पैसे भरा आणि पुढे घुसा.

थोरला ८ वर्षांचा, १२१ सेंटिमीटर. धाकटी ५ ची, १०४. आकडे लिहून घेतले आणि पार्कच्या साइटवर जाऊन एकेका राइडची उंचीची अट बघत बसले. बॅटलस्टार गॅलॅक्टिका, म्हणजे ती लाल-निळी भयंकर रोलर कोस्टर, १२५. ममीवाली १२२. जुरासिक पार्कची पाण्यातली राइड १०७. ट्रान्सफॉर्मर्स १०२. बूटवाल्या मांजराची १००, कॅनपी फ्लायर ९२. म्हणजे ज्या मोठ्या राइड्सना मरणाची रांग असते त्यातल्या तीन धाकटीला चालणारच नव्हत्या, दोन थोरल्याला नाहीत (ममीला एका सेंटिमीटरने!), आणि सासूबाई ६७ वर्षांच्या, त्या गुडघ्यांना घेऊन कुठल्याच राइडमध्ये बसणार नव्हत्या. मग एक्सप्रेस पास पाच जणांना कशाला? एकेक ५० सिंगापूर डॉलरच्या पुढे, पाचांचे अडीचशे, म्हणजे तेव्हाच्या ६२ रुपयांच्या भावाने पंधरा-साडेपंधरा हजार. नवऱ्याला म्हटलं, अहो हे पंधरा हजार आपण रांगेत उभं न राहण्यासाठी देतोय, आणि सगळ्या रांगांत उभं राहायला मुळात परवानगी दोघांनाच आहे, तुम्हाला आणि मला.

तिथून मग मी सगळं स्वतःच बुक करायचं ठरवलं. हे मी दर वेळी सगळ्यांना सांगते, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, भाजीवाल्यापाशी भेटलेल्यांना, म्हणून आता लिहूनच टाकते. पैसे वाचतात ते कूपन कोड शोधून नाही, आपल्या घरातलं कोण नक्की काय करू शकणार आहे ते आधी बघितलं की वाचतात.

तिकीट वयावर असतं आणि राइड उंचीवर, हे लक्षात ठेवा. ४ वर्षांच्या आत फुकट, ४ ते १२ मुलांचं तिकीट, आणि ६० च्या पुढच्यांना बरंच स्वस्त. आम्हाला मोठ्यांचं ८३ डॉलर पडलं, पोरांचं ६२ आणि सासूबाईंचं (त्यांना मी आईच म्हणते) ४३. एजंटच्या कागदावर त्यांना सरळ "अॅडल्ट" टाकलेलं होतं, बहुतेक त्याने वय विचारलंच नव्हतं. हे दर तेव्हाचे बरं का, आता वेगळे असतील, आणि २०२५ मध्ये तिथे मिनियन लँड पण उघडलंय, तेव्हा नवीन राइड्सची उंची नव्याने बघून घ्या.

टीसीएसचं पण सांगते. परदेशाचं पॅकेज एजंटकडून घेतलं की तो तुमच्याकडून टीसीएस कापतो, तेव्हा ७ लाखापर्यंत ५ टक्के होता. तो बुडत नाही, रिटर्न भरला की अॅडजस्ट होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत आपले एकोणीस हजार अडकून पडतात. आणि नुसतं विमानाचं तिकीट वेगळं घेतलं, हॉटेल वेगळं घेतलं तर ते पॅकेजच नाही, त्यामुळे तो लागत नाही. आमच्या एजंटला हे विचारलं तर म्हणाला, "मॅडम सगळ्यांनाच लागतो." बरं.

व्हिसाची फी तेव्हा ३० डॉलर होती, पण आपल्याला तो ठरावीक मान्यताप्राप्त एजंटांकडूनच काढावा लागतो आणि प्रत्येकाचा सर्व्हिस चार्ज वेगळा, तिथे चार फोन केले तर फरक पडतो. त्यानंतर एक एसजी अरायव्हल कार्ड म्हणून ऑनलाइन फॉर्म असतो, पोचायच्या आधी तीन दिवसांत भरायचा, तो पूर्ण फुकट आहे. पूर्ण. गूगलवर शोधलं की हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट येतात आणि कार्ड नंबर मागतात, माझी एक मैत्रीण त्यात माणशी काही हजार घालवून बसली.

तारखांवर मी सगळ्यात जास्त डोकं चालवलं. आपल्याकडे मे म्हणजे सुट्टी, पण सिंगापूरच्या शाळांची वर्षाच्या मधली सुट्टी मे च्या शेवटी लागते आणि जूनमध्ये चालते, त्यामुळे मे च्या पहिल्या पंधरवड्यात तिथली पोरं शाळेत. आमचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं, त्याआधी परत यायचंच होतं (सासरे असते तर म्हणाले असते मतदान बुडवून कसलं सिंगापूर). मग ७ मेला निघालो आणि पार्कला शुक्रवार-शनिवार सोडून गुरुवार धरला. रात्रीच्या विमानाने गेलं की एक रात्र हॉटेलची वाचते असं सगळे सांगतात, अर्धंच खरं आहे ते, कारण सकाळी पोचता आणि रूम मिळते दुपारी तीनला, तोपर्यंत पोरं लॉबीत सोफ्यावर आडवी. आम्ही बॅगा ठेवून लिटल इंडियात कोमला विलासमध्ये डोसे खाल्ले, आई जरा माणसात आल्या.

हॉटेलमध्ये मात्र माझी हुशारी अंगाशी आली. लिटल इंडियात स्वस्तात दोन रूम मिळाल्या म्हणून मी खूश, दार उघडलं तर खिडकीच नाही. फोटोत पडदा होता! पडद्यामागे भिंत. तिथल्या स्वस्त हॉटेलांत हे सर्रास असतं आणि बुकिंग करताना कुठेतरी लिहिलेलंही असतं, फक्त आपण वाचत नाही. आई म्हणाल्या, "अगं, उजाडलं का ते कळायचं कसं?" मोबाईलवर गजर लावून कळायचं. पुढच्या वेळी मी त्या खिडकीचे पैसे देणार, हे नक्की.

खाण्याचं सांगायचं तर आईंनी चार डबे नेले होते, दशम्या, मेथीचे ठेपले, मेतकूट, लसणाची चटणी. अनारसे पण करणार होत्या पण मी नको म्हटलं, कारण सिंगापूरमध्ये खसखस अशी सहज नेता येत नाही. हो, खसखस. ड्रग्जच्या कायद्यात येते ती तिथे. तंबाखू-गुटखा पण नाही चालत. ज्यांच्या घरी पुडी खिशात ठेवायची सवय आहे त्यांनी खिसे निघतानाच झटका, तिथे दंड भरलात तर वाचवलेले सगळे त्यातच जातील. पाणी नळाचंच पितात लोक, बाटल्या विकत घेऊ नका, घरून प्रत्येकाची बाटली न्या.

आता पार्कचा दिवस. युनिव्हर्सल सेंटोसा बेटावर आहे. हार्बरफ्रंटपर्यंत मेट्रो, वर विवोसिटी मॉल, तिथून बेटावर जायला छोटी ट्रेन आहे तिचे माणशी ४ डॉलर. पण मॉलच्या मागून समुद्रावर एक बोर्डवॉक आहे, वर छप्पर, मध्ये मध्ये सरकते पट्टे, चालत दहा-पंधरा मिनिटं, फुकट. आईंनासुद्धा जमला. मेट्रोसाठी आपलं कार्ड थेट टॅप करता येतं, फक्त परदेशी कार्डाला रोजची वेगळी फी लागते आणि वर आपल्या बँकेचा मार्कअप, शिवाय एका कार्डावर एकच माणूस. पाच जणांचं म्हणजे आम्ही तिकडचीच कार्डं घेतली. आणि दुकानात मशीनने विचारलं की रुपयांत कापू का डॉलरमध्ये, तर डॉलर म्हणा, नेहमी डॉलर. रुपयांचा भाव ते आपल्या मनाने लावतात.

गेट दहाला उघडतं, आम्ही सव्वानऊला हजर. ती फिरणारी पृथ्वी गेटच्या बाहेरच आहे, फोटोला तिकीट लागत नाही, तो सोपस्कार आधीच उरकला. दार उघडल्यावर कुठेही न थांबता सरळ ट्रान्सफॉर्मर्स, पहिल्यांदा वीस मिनिटांत आत, दुपारी त्याच रांगेवर ७५ मिनिटांची पाटी होती. मग ममी. तिथे दारात मोजपट्टी घेऊन एक मुलगी उभी. थोरला आमच्याकडे न बघता ताठ उभा राहिला, श्वास रोखून, बूट माझ्या भावाने दिलेले जाड तळव्याचे. तिने पट्टी डोक्यावर आडवी धरली, जरा वाकून बघितलं, आणि हात आत दाखवला. मी त्याला इतकं खूश दहा वर्षांत बघितलं नाही (तो आठचाच आहे, पण तुम्हाला कळलं). मग आत अंधारात राइड अचानक उलटी निघाली तेव्हा तो जो रडला! बॅटलस्टारच्या १२५ ला साहजिकच नापास झाला, आणि मला वाटतं त्याला मनातून सुटल्यासारखं झालं.

धाकटी ज्यात बसू शकत नव्हती तिथे एक जण बाहेर तिच्याजवळ, एक आत, आणि बाहेर आला की पुन्हा रांग न लावता दुसऱ्याने जायचं, अशी सोय असते, तिथल्या माणसाला आधी सांगावं लागतं. काही राइड्सना एकट्या बसणाऱ्यांची वेगळी रांग पण असते, जागा रिकामी असेल तिथे तुम्हाला घुसवतात. नवरा त्यातून ट्रान्सफॉर्मर्सला आणखी दोनदा जाऊन आला. बॅगा, चष्मे, मोबाईल लॉकरमध्ये ठेवायला सांगतात, ठरावीक वेळ फुकट आणि मग मीटर चालू, पण आई सावलीत बसल्या होत्या, म्हणाल्या, "द्या इकडे, मी काय पळून जाणारे का?" दिवसभरात लॉकरचा एक पैसा नाही.

बाहेरचं खाणं आत चालत नाही. दुपारी हातावर शिक्का मारून बाहेर आलो, समुद्राकडे तोंड करून बसलो आणि ठेपले खाल्ले. बाजूला एक गुजराती कुटुंब, त्यांच्याकडेही ठेपले. लोणचं त्यांचं, चटणी आमची. तीनला पाऊस आला, तिथे वरचेवर येतो, वीज चमकली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. मागच्या पावसाळ्यातले शाळेचे रेनकोट मी बॅगेत टाकले होते, बाकी जनता प्लास्टिकचे पाँचो विकत घेत होती.

दुकानांचं खरं टेन्शन होतं. प्रत्येक राइडमधून बाहेर पडलं की तुम्ही दुकानातच पडता, ते बांधलेलंच तसं आहे. मी पोरांना सकाळीच प्रत्येकी १५ डॉलर पाकिटात दिले होते, वाटेल ते घ्या, संपले की संपले. थोरल्याने ३४ डॉलरचं एक कसलंसं यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, मग मला विचारलं, "आई, याचे वडापाव किती?" आम्ही शेल्फसमोर उभं राहून हिशोब केला, चौतीस गुणिले बासष्ट, भागिले वीस. एकशे पाच. तो थोडा वेळ काही बोललाच नाही, बहुधा डोळ्यांसमोर एकशे पाच वडापाव मांडत होता. मग ते परत ठेवलं आणि सहा डॉलरचं कीचेन घेतलं. धाकटीने हिशोबबिशोब काही केला नाही, पंधराचे पंधरा एका मिनियनवर उडवले आणि वर माझे चार घेतले.

बाकीचे दिवस जवळजवळ फुकटच होते. गार्डन्स बाय द बेमधली ती उंच लोखंडी झाडं, त्यांचा लाइट शो रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, खाली आडवं पडून बघायचा. मरलायनचा तो सिंहमाशाचा पुतळा फुकट, सिलोसोचा समुद्र फुकट, परत येताना विमानतळावरचा ४० मीटरचा धबधबा फुकट. झू आणि नाइट सफारी एजंटच्या यादीत होतं, आम्ही नाही केलं, तेव्हा तुलना अगदी चोख नाहीये हे मान्य.

सगळं धरून २ लाख ६४ हजार झाले. यात एक टॅक्सी आहे. पार्कच्या रात्री परतताना आई बोर्डवॉकच्या तोंडाशी थांबल्या आणि काही बोलल्या नाहीत, नुसत्या गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मी मोबाईलवर मेट्रोचा मार्ग बघत होते. धाकटी नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेली, मिनियन खाली लोंबतोय. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मला न विचारता टॅक्सी बोलावली. तेवीस डॉलर. मी वडापावात हिशोब केला नाही.