पणजोबांचं पिस्तूल आणि परवाना क्रमांकाचा रकाना

जुन्या पिस्तुलाची किंमत किती येईल, हे सगळे आधी विचारतात. मला ते सगळ्यात सोपं गेलं. अडकले ती ठाणे शहरातल्या एका सरकारी कार्यालयात.

शहापूरच्या घराची वाटणी झाली तेव्हा पिस्तूल माझ्याकडे आलं. ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायचं, आणि केपाचं, म्हणजे घोडा छोट्या टोपीवर आपटून ठिणगी पाडणारं. चापाच्या पट्टीवर मुकुट धरून उभा असलेला सिंह, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची खूण. कंपनीचा कारभार १८५८ मध्ये संपला, म्हणजे त्याआधीचं. खुणांच्या नकलाही पुष्कळ होत, म्हणून जाणकाराकडून खात्री करून घेतली.

मग हे पिस्तूल परवान्याशिवाय ठेवता येतं, असं लेखी मिळावं म्हणून अर्ज. खिडकीवर एकच घोषा, "मॅडम, परवाना क्रमांक लिहा." परवाना कधी नव्हताच! शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ नुसार कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त हत्यार दुरुस्त करूनही चालणार नसेल, तर त्याला हा कायदाच लागू होत नाही. कलमाची प्रत पुढे केली, ती वाचलीसुद्धा नाही. रकाना कोरा ठेवला तर अर्ज अपूर्ण, 'लागू नाही' लिहिलं तर "असं चालत नाही". पुढच्या टेबलावर पाठवलं, तिथून परत खिडकीवर. आजही आठवलं की संताप होतो. नियम पाळायला आलेल्या माणसालाच असं ताटकळत ठेवायचं?

शेवटी छापील फॉर्म सोडला. साध्या कागदावर लिहिलं, 'हे हत्यार चालण्याजोगं आहे का, याची तपासणी करून लेखी कळवावे.' सोबत फोटो जोडले आणि पोच घेतल्याशिवाय हलले नाही. तेव्हा कुठे फाइल सरकली. नुसतं जुनं असून भागत नाही, न चालणारं आहे हे तपासणाऱ्यानेच लिहून द्यावं लागतं. आमच्या पिस्तुलाची नळी गंजून आरपार गेलेली निघाली. पत्र हातात आलं तेव्हा फार मोकळं वाटलं.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: ठासणीच्या हत्यारात जुनी दारू भरलेली राहिलेली असू शकते, आणि ती कित्येक वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. जाणकाराने पाहीपर्यंत घोड्याला हात लावू नका. पिशवीत घालून लोकलनेही नेऊ नका, आधी फोटो दाखवा. आणि घासूनपुसून चकचकीत तर मुळीच करू नका, खुणा झिजतात आणि किंमत पडते.

किंमत काढणाऱ्यांनी नळीचं भोक आणि नंतर बदललेला घोडा, दोन्हीसाठी रक्कम कापली. इंग्लंडमधल्या लिलावांचे आकडे इथे धरू नका. शंभर वर्षांवरची पुराणवस्तू १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मला तर विकायचंच नाही. पत्राची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवली आहे.