गरम पाण्यावरची सहल

चीनमध्ये तुमचं काहीही बिनसलं तरी उपाय एकच सांगतात: गरम पाणी प्या. डोकं दुखतंय, गरम पाणी. सर्दी झालीय, गरम पाणी. पाळी आलीय, मग तर विचारायलाच नको. 'घरची आठवण येतेय' असं मी एकदा ऑफिसात सहज बोलून गेले, तर शेजारच्या टेबलावरच्या बाई मायेनं उठल्या, माझा कप उचलला आणि कोपऱ्यातल्या मशीनच्या लाल तोटीखाली धरला. तिथल्या मुलींमध्ये यावर विनोदही चालतात. बॉयफ्रेंड नावाच्या प्राण्याला फोनवर एवढं एकच वाक्य टाइप करता येतं म्हणे: 'भरपूर गरम पाणी पी.'

आणि हे सगळं जुलैत. शांघायचा जुलै म्हणजे पारा ३५ च्या पुढे, हवा ओलीगच्च, कपडे अंगाला चिकटलेले. अशात आमच्या मजल्यावरची झाडून सगळी मंडळी वाफाळत्या पाण्याचे घोट घेत एक्सेलच्या रकान्यांत आकडे भरायची. जेवायला बाहेर गेलं की आधी गरम पाण्याची किटली टेबलावर. बिअर मागवली तर विचारणार, गार हवी की साधी? हा प्रश्न आमच्यातल्या ब्राझीलला वैयक्तिक अपमान वाटायचा.

आम्ही इंटर्न एकमेकांना देशांच्या नावानंच हाका मारायचो. एकमेकांच्या नावांचे उच्चार पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी सोडून दिले होते. ब्राझील, पोलंड, केनिया आणि मी इंडिया. एवढ्या मोठ्या देशाचं ओझं नाशिकच्या एका मुलीच्या खांद्यावर. पण सवय होते. पाचवी इंटर्न चंगचौची, म्हणजे इथलीच. तिला चायना म्हणणं बरं दिसेना, म्हणून ती कॅप्टन. तिकिटं काढणं, भाव पाडणं, रस्ता विचारणं, 'यात मांस आहे का' हे माझ्यासाठी दर जेवणाला विचारणं, ही सगळी कामं तिच्याकडे. मांस नाही असं सांगून आलेल्या भाजीत डुकराच्या खिम्याचे कण निघाले, तर वेटरच्या मते ते मांस नव्हतं, चवीपुरतं होतं.

कॅप्टननंच ठरवलं, ह्वांगशानला जायचं. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं, शनिवारची रात्र डोंगरावर, रविवारी रात्री परत गाडीत, सोमवारी थेट ऑफिस. वेगवान गाड्या चीनची शान असल्या तरी इंटर्नच्या स्टायपेंडची शान तेवढी नसते. रात्रीच्या जुन्या गाडीत तिकीट स्वस्त आणि झोपायची सोयही होते, म्हणजे मुक्कामाचे पैसे वाचले. हा हिशेब जगातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला शिकवावा लागत नाही.

ह्वांगशान आन्ह्वे प्रांतात. ग्रॅनाइटचे उभे सुळके, सगळ्यांत उंच सुळका १,८६४ मीटर. पौराणिक पिवळ्या सम्राटावरून डोंगराला हे नाव मिळालं ते थांग राजवटीत, इ.स. ७४७ मध्ये. १९९० पासून जागतिक वारसा यादीत. चीनचे तेव्हाचे बडे नेते डेंग शियाओपिंग १९७९ च्या जुलैत, वयाच्या ७४ व्या वर्षी हा डोंगर चढले आणि इथे पर्यटन वाढवा असं सांगून उतरले. त्यांचं ऐकलं गेलं, हे तिथली गर्दी पाहून लगेच कळतं. डोंगराची नवलं म्हणून कॅप्टननं बोटांवर मोजत यादी सांगितली: कातळाच्या भेगांतून उगवलेली पाइनची झाडं, चित्रविचित्र खडक, ढगांचा समुद्र आणि पायथ्याचे गरम पाण्याचे झरे.

"सुट्टीतही गरम पाणीच?" ब्राझीलनं विचारलं.

गाडीतल्या स्वस्त झोपायच्या डब्याला दारं नसतात. एका कप्प्यात सहा बर्थ, समोरासमोर तीन-तीन. सगळ्यांत वरच्या बर्थवर बसता येत नाही, फक्त सरपटता येतं. तेव्हा कागदी तिकिटं होती. डब्याची अटेंडंट येऊन ती काढून घ्यायची आणि बदल्यात बर्थ क्रमांकाचं एक कार्ड द्यायची. तुमचं स्टेशन यायच्या आधी ती स्वतः येऊन उठवायची, कार्ड घ्यायची, तिकीट परत करायची. म्हणजे झोपेत स्टेशन निघून जाण्याची चिंता रेल्वेनं आपल्या अंगावर घेतलेली. मला ही पद्धत फार आवडली. मनमाड गेलं की काय म्हणून रात्रभर खिडकीला डोळे लावून बसणाऱ्या घरातली मी आहे.

पण डब्याचं खरं देवघर टोकाला असतं, बेसिनच्या शेजारी. तिथे भिंतीत एक स्टीलचा बंब बसवलेला असतो आणि त्याला तोटी. पाणी उकळतं, फुकट, दिवसरात्र. गाडी सुटून दहा मिनिटं होत नाहीत तोच तिथे रांग लागते: काचेच्या बाटल्यांत चहाची पानं घेऊन आजोबा, थर्मास घेऊन आज्या, दुधाची बाटली घेऊन तरुण बाप आणि बाकी सगळे नूडल्सचे डबे घेऊन. कांगशिफूच्या नूडल्सचा लाल डबा हे चिनी प्रवासाचं खरं राष्ट्रीय चिन्ह आहे. झाकण अर्धं उघडायचं, मसाला टाकायचा, पाणी ओतायचं, झाकण लावून त्यात प्लॅस्टिकचा काटा खोचायचा आणि हेलकावे खात जागेवर यायचं. पाच मिनिटांत अख्ख्या डब्याला एकच वास.

मी शाकाहारी, त्यामुळे त्या लाल डब्याचा मला उपयोग नाही. माझ्याकडे आईनं करून दिलेला उपिटाचा रवा होता: रवा खमंग भाजून, त्यात मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, सुक्या मिरचीची कोरडी फोडणी, मीठ, साखर, थोडा आमचूर. उकळतं पाणी ओतायचं आणि झाकून ठेवायचं. शांघायच्या खोलीत किटलीच्या पाण्यावर ते कधी धड फुललं नव्हतं. रेल्वेच्या बंबाच्या पाण्यावर असं फुललं की कॅप्टननं चमचा घेऊन चव पाहिली आणि समोरच्या बर्थवरच्या काकांनाही चाखवली. काकांनी विचार करून मत दिलं. कॅप्टन म्हणाली, "ते म्हणतायत छान आहे, पण नूडल्स कुठे आहेत?"

या पाण्यामागे बराच इतिहास आहे. चिनी वैद्यकात गार पाणी पोटाला वाईट, ही समजूत जुनीच. पण सगळ्यांनी रोज पाणी उकळायचं तर इंधन लागतं आणि गरिबाला तेच महाग. म्हणून शांघायच्या गल्ल्यांत उकळतं पाणी विकणारी दुकानं होती. मोठ्या भट्टीवर पाणी तापत असायचं, लोक थर्मास घेऊन यायचे आणि चार दिडक्या देऊन भरून न्यायचे. त्या भट्ट्यांना लोक वाघचूल म्हणायचे. १९३४ मध्ये तेव्हाचे सत्ताधारी चँग कै-शेक यांनी नवजीवन चळवळ काढली, तिच्यात स्वच्छतेच्या उपदेशांबरोबर उकळलेल्या पाण्याचाही प्रचार झाला. ते गेले, कम्युनिस्ट आले, पण या एका बाबतीत दोघांचं एकमत. १९५२ च्या आरोग्य मोहिमेनंतर शाळा, कारखाने, कचेऱ्या सगळीकडे पाणी उकळण्याची सोय झाली. फुलाफुलांचे थर्मास लग्नात आहेर म्हणून येऊ लागले. आजही नळाचं पाणी तसंच कुणी पीत नाही. सरकारं बदलली, बंब राहिला.

मला वाटतं, आमच्यासारख्या फाटक्या खिशांच्या मंडळींना त्या देशात शनिवार-रविवार फिरता आलं ते या बंबाच्याच जोरावर. पाणी आणि जेवण, दोन्ही खर्च त्यानं उचलले. आपल्या गाड्यांत हे का नाही, असं मनात आलं खरं. पण मग चहावाल्यांचं काय, हेही आलं. चिनी गाडीत पहाटे कुणी कानाशी येऊन चाय ओरडत नाही. ढकलगाडी घेऊन माणूस येतो तो शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, मिनरल वॉटर, बिअर अशी यादी एका सुरात म्हणत, आणि शेवटी त्याच सुरात 'पाय आत घ्या'. दहाच्या सुमारास दिवे गेले. वरच्या बर्थवर पोलंड सरपटत शिरली आणि तिथून बराच वेळ पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटत राहिली. ते बहुधा स्तोत्र नसावं.

सकाळी थुनशीला उतरून बसनं थांगखौ, तिथून दुसरी बस, आणि मग पायऱ्या. या डोंगरावर मिळून साठ हजारांच्या वर पायऱ्या आहेत म्हणतात. आम्ही पूर्वेची, त्यातल्या त्यात सोपी वाट धरली. केबलकार डोक्यावरून जात होती आणि तिच्यातले लोक आमचे फोटो काढत होते. दर वळणावर सोललेली काकडी विकायला. पण सगळ्यांत जास्त लक्षात राहिले ते कावडवाले. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना तांदळाची पोती, भाज्या, अंडी, पाण्याच्या बाटल्या. ओझं पन्नास किलोहून जास्तच असेल. हातात एक दांडका असतो. दम खायला थांबले की कावड त्याच्यावर टेकवतात. वरच्या हॉटेलांचं सामान असं माणसांच्या खांद्यावरून चढतं आणि मळक्या चादरी, कचरा तसाच खाली उतरतो. आम्ही पाठीवर छोट्या पिशव्या घेऊन धापा टाकत होतो, आणि ते आम्हाला मागे टाकून जात होते. त्यांना वाट देताना आमचं बोलणं आपोआप थांबायचं.

त्यामुळे चढावर पाण्याच्या बाटलीची किंमतही चढत जाते, आणि तक्रार करायला तोंड राहत नाही. केनियानं तर वर पोचेपर्यंत बाटली घेतलीच नाही. "ज्यानं ती आणली त्याच्यासमोर मी ती गटागटा कशी पिऊ?" असं त्याचं म्हणणं. पाहुण्यांचं स्वागत करणारं म्हणून प्रसिद्ध असलेलं पाइनचं झाड आमच्या वाटेवर नव्हतं. त्याच्या राखणीला स्वतंत्र माणूस नेमलेला आहे, हे ऐकून पोलंड म्हणाली की तिला इंटर्नशिपमध्ये एवढी देखभाल मिळालेली नाही.

माथ्यावर दुपारभर धुकं. समोर सुळका आहे असं फलक सांगत होता, आम्ही फलकावर विश्वास ठेवला. मुक्कामाची खोली म्हणजे दुमजली पलंग, आणि कोपऱ्यात, सांगायला नकोच, गरम पाण्याचा थर्मास. कावडीवरून चढलेल्या जेवणाचे दर पाहून रात्री पुन्हा चार लाल डबे आणि एक उपीट झालं.

सूर्योदयासाठी पहाटे चारला उठलो. जुलै असला तरी वर थंडी, म्हणून हॉटेलवाले जाडजूड कोट देतात. एकाच रंगाच्या कोटांतली शेकडो माणसं, झेंडेवाले गाइड, त्यांचे कर्णे, आणि समोर पांढरी भिंत. सूर्य उगवला असावा. घड्याळ तसं म्हणत होतं. पुढे उभ्या असलेल्या एका निवृत्त जोडप्यानं थर्मास उघडला. काकूंनी आमच्याकडे पाहिलं, ब्राझीलच्या उघड्या चपलांकडे पाहिलं, 'अय्या' म्हणाव्यात तसं काहीतरी म्हणाल्या आणि झाकणभर गरम पाणी त्याच्या हातात दिलं. तो प्यायला. आणखी मागितलं. आम्ही कुणी काही बोललो नाही, पण पोलंडनं फोटो काढला आणि तो नंतर बरेच दिवस ऑफिसच्या ग्रुपवर फिरत होता.

धुकं फाटलं आठनंतर, बहुतेक गर्दी नाश्त्याला गेल्यावर. तेव्हा मात्र खाली ढग पसरलेले आणि त्यातून सुळक्यांची नुसती डोकी वर आलेली. त्याचं वर्णन हजार वर्षं चिनी चित्रकार करतायत, मी त्यात भर घालत नाही.

उतरून पायथ्याशी आलो तेव्हा गुडघे थरथरत होते. आता गरम झऱ्यात डुंबू, असा बेत होता. दरफलक पाहिला. कॅप्टननं घासाघीस करायचा प्रयत्न केला, पण फलकाशी घासाघीस होत नाही. अख्ख्या चीनमध्ये गरम पाण्याचे पैसे मागितले गेले ते इथे, आणि तेही आमच्यातल्या दोघांच्या परतीच्या भाड्याइतके. ब्राझील इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं.

मग थुनशीच्या जुन्या बाजारात गेलो. लाकडी माड्या, दगडी फरसबंदी, शाईचे दगड विकणारी दुकानं, आणि या भागाचं खास केसाळ टोफू: वर बुरशीची पांढरी लव आलेलं, तव्यावर परतलेलं. मी खाल्लं. शाकाहारी माणसाला परदेशात निवडीचा हक्क नसतो. गाडीला वेळ होता म्हणून एका चहाच्या दुकानात शिरलो. इथला माओफेंग हिरवा चहा आणि शेजारच्या छीमेनचा काळा चहा, दोन्ही नावाजलेले. मालकीणबाईंनी काचेच्या पेल्यात माओफेंगची पानं टाकली, पण किटली तशीच हातात धरून थांबल्या. या पानाला उकळतं पाणी चालत नाही, करपतं. थोडं निवू द्यायचं. काळ्या चहाला मात्र उकळतंच हवं. पानं पेल्यात हळूहळू उभी राहिली. चव हलकी, गवताच्या जवळची.

केनियानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या घरीही चहा दुधात साखर घालून उकळतात, आमच्यासारखाच. आम्ही दोघांनी कॅप्टनला हळूच विचारलं, छीमेनच्या पानांना दूध आणि दोन चमचे साखर मिळेल का, जमल्यास आलं.

दोन दिवस आमचा शब्द न् शब्द इमानानं पलीकडे पोचवणाऱ्या कॅप्टननं एकदा मालकीणबाईंकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे, आणि हे विचारायला साफ नकार दिला.